जजसाहेबांचा कित्ता

टेंपल्स फोर्ड, केंटकी
बुधवार, १७ मार्च १८४७

लिअँडर ट्रेव्हर्स यास,

मंगळवार, १६ मार्च १८४७, दुपारी चार वाजून वीस मिनिटे. वेळ मी तुझ्या वडिलांच्या टेबलावरच्या घड्याळात पाहिली, कारण त्या क्षणी तुझ्या तोंडाकडे पाहणे मला शक्य नव्हते. त्या वेळी तू तुझ्या दिवंगत वडिलांचे, जज एनॉक ट्रेव्हर्स यांचे, ९ नोव्हेंबर १८२८ या तारखेचे पत्र शेकोटीत टाकलेस. मी ते काढायला हात घातला, तेव्हा निखारे सारायची लोखंडी सळई माझ्या उजव्या हातावर मारलीस. एकदा नाही, दोनदा. पहिला फटका घाईत बसला असे तू म्हणशील, वकीलच आहेस. म्हणून दुसरा मी नीट लक्षात ठेवला आहे.

दोन बोटे मोडली. तळहाताची कातडी हातमोज्यासारखी निघाली. हे पत्र डाव्या हाताचे आहे. मी मूळची डावरी. मेरीलँडच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर यूफेमियाने तो हात सहा महिने खुर्चीला बांधून ठेवला होता, आणि सुटला की पट्टीने बडवला होता. अठ्ठेचाळीस वर्षांनी काल तो मोकळा झाला. अक्षर वेडेवाकडे आहे, पण तुला वाचता येईल. न वाचता आल्याचे सोंग करू नकोस.

झाले ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे तुझ्या माझ्यात वाद नको. तुझ्या वडिलांची पत्रे राज्याच्या राजधानीतल्या, फ्रँकफर्टच्या, इतिहास मंडळाला द्यायची आहेत, मावशी, तूच त्यांच्या नकला करायचीस, तूच लावून दे, असे तू म्हणालास. मी बावीस वर्षे त्यांची नक्कलनवीस होते. तीनशे बारा पत्रे मी तारखेवार लावली, यादी केली, यादी मंडळाला रवानाही झाली. क्रमांक २१४ हे ते पत्र. काउंटीच्या क्लर्कला लिहिलेले, दोन साक्षीदारांच्या सह्यांचे, माझ्या मृत्यूनंतर पोचवावे असे वर लिहून ठेवलेले. एक साक्षीदार मी. दुसरा मुकादम पिकेट, तो पटकीत गेला. मी ते तुझ्या हातात दिले.

"हे काय आहे, मावशी?"

"वाच. मोठ्याने वाच. स्वयंपाकघरातून केझियाला बोलावते, तिलाही ऐकू दे."

तू वाचलेस, पण मनात. मग म्हणालास, "केझिया आणि तिची पोरगी पुढच्या कोर्टाच्या सोमवारी विकायच्यात. नॅचेझच्या गुलामबाजारातल्या दलालाला मी शब्द दिलाय."

"तुझ्या बापाचा शब्द त्याच्या आधीचा आहे."

"बाप मेला."

"म्हणूनच तर! तो मेला त्या घटकेपासून त्या दोघी मोकळ्या झाल्या. महिना उलटला. महिनाभर तू परक्या बायकांकडून भांडी घासून घेतो आहेस."

त्यावर तू हसलास, आणि मग वर सांगितले ते केलेस. नंतर नक्कलवहीतले तेच पान टरकावून आगीत टाकलेस आणि म्हणालास, "आता दाखव की तुझं पत्र!"

ते पत्र का लिहिले गेले, तेही ऐक. तू तेव्हा लेक्सिंग्टनला शिकायला होतास. घरातल्या कुणाचे तरी शिवताना बोटात घालायचे चांदीचे अंगुस्तान हरवले, म्हणून केझियाच्या नवऱ्याला, ॲमोसला, फटके मारण्यात आले. तो पहाटे मेला. पत्र त्याच दिवशीचे आहे.

केझिया आणि तिची मुलगी टेंपरन्स मोकळ्या आहेत हे तू मान्य करतोस की नाही, याचे उत्तर मला हवे आहे. लेखी.

ऑनोरा मॅटिंगली


मंगळवार, २३ मार्च १८४७

लिअँडर,

उत्तर आले नाही. खारवलेल्या डुकराची मांडी आली. ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत कॅथलिक बाईच्या दारात डुकराची मांडी! तुझ्या आईने तुला एवढेही शिकवले नाही असे मी म्हणणार नाही. माझ्या बहिणीने शिकवले होते, तू विसरलास. मांडी घेऊन आलेला तुझा कारकून पर्डी दारात टोपी चिवडत उभा होता.

"बोल की. निरोप असेल ना काही?"

"साहेबांनी सांगितलंय," तो म्हणाला, "की मावशींना म्हणावं, म्हातारपणी आगीशी खेळू नये."

"आणि चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही, बाई. साहेब हल्ली चिठ्ठी देत नाहीत."

मांडी माझ्या डीकनने खाल्ली. कुत्र्याला उपवास नसतो.

शनिवारी शेरीफ केझियाला आणि टेंपीला घेऊन गेला. लिलाव होईपर्यंत जपून ठेवायला म्हणे, काउंटीच्या तुरुंगात. तू परसात उभा होतास, तेव्हा तू पाहिलेसच. पण तू पाहिलेस आणि मला कळले नाही असे समजू नकोस. टेंपी शेरीफच्या मनगटाला चावली. त्याने बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर मारला. पुढचे दोन दात पडले, आणि नॅचेझचा दलाल कुंपणापलीकडून ओरडला, "अरे, माल जपून! तोंड बघून घेतात लोक!" आणि तू त्याची समजूत घातलीस. सतरा वर्षांची पोर. तिचा बाप मेला तेव्हा ती जन्मलीही नव्हती. कोर्ट तिला तुझी मालमत्ता म्हणते. मी तिला अक्षरे शिकवली आहेत.

तुझ्या पुस्तकाचा, 'जज ट्रेव्हर्स यांचे चरित्र आणि पत्रे' याचा, चौथा अध्याय तू मला तपासायला दिला होतास. तपासला. १८०७ च्या द्वंद्वात तुझ्या वडिलांनी मोठ्या मनाने पिस्तूल आकाशाकडे झाडले असे तू लिहितोस. लिअँडर, आकाशाकडे झाडले ते समोरच्या माणसाने. तो तेवीस वर्षांचा होता आणि आदल्या दिवशीच्या भांडणाची त्याला लाज वाटत होती. तुझ्या वडिलांनी त्याचा धूर विरेपर्यंत वाट पाहिली, नेम धरला आणि गळ्यात गोळी घातली. तो नदीच्या वाळूत पाऊण तास मरत होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉन्व्हेंटमधून नुकतीच आलेली. शर्ट मी धुतला. मेलेल्याचे रक्त तुझ्या वडिलांच्या शर्टाच्या बाहीवर कोपरापर्यंत होते, कारण त्यांनी जवळ जाऊन त्याचे पिस्तूल बक्षीस म्हणून काढून घेतले. ते पिस्तूल तुझ्या दिवाणखान्यात भिंतीवर आहे. पाहुण्यांना तू ते लढाईतले म्हणून दाखवतोस.

मी हे सारे चाळीस वर्षे जाणून होते आणि त्यातली बावीस वर्षे त्यांच्या नकला करत होते, सुबक अक्षरात. माझ्याविषयी तुझे जे मत असेल त्याच्याशी मी सहमत आहे.

आता ॲमोसचे. तो शनिवार होता, ८ नोव्हेंबर. सकाळपासून डुकरे मारली होती. ती धुराच्या कोठीत आढ्याला उलटी टांगलेली होती, आणि त्यांच्यामध्ये ॲमोसला टांगले. कोर्टात तुझे वडील एकोणचाळीसच्या वर फटके कधी सांगत नसत. कायद्याची मर्यादा होती, आणि ते कायद्याचे माणूस होते. घरी कायदा नव्हता. सुरुवात मुकादम पिकेटने केली. नंतर तुझ्या वडिलांनी कोट काढला आणि चाबूक स्वतः घेतला. मी वरच्या खिडकीत शिवण घेऊन बसले होते. एकसष्टपर्यंत मोजले, मग मोजणे सोडले. ॲमोस पहिल्यांदा "घेतलं नाही" म्हणत होता. पुढे नुसते "नाही" म्हणत होता. शेवटी कोठीतून फक्त चाबकाचा आवाज येत होता, ओले कापड दगडावर आपटावे तसा.

अंगुस्तान माझे होते.

मागच्या पत्रात 'घरातल्या कुणाचे तरी' असे लिहिले. ते खोडून माझे नाव घाल.

लेखी उत्तराची वाट पाहते. तुझी बायको लव्हिनिया बरी आहे ना? ती अजून लेखणी मुठीत धरल्यासारखी घट्ट धरते का? माझ्या शाळेत तिच्याइतके सुंदर वळण दुसरीचे नव्हते. मी विचारल्याचे तिला सांग.

ऑनोरा मॅटिंगली


मंगळवार, ३० मार्च १८४७

लिअँडर,

तुझे दुसरे उत्तर गुरुवारी संध्याकाळी आले. त्याला चार घोडे होते.

गस्तवाल्यांना पळालेले गुलाम शोधायला पगार मिळतो. माझ्या दोन खोल्यांत त्यांना कोण पळालेले सापडणार होते? डीकन भुंकला. जेथ्रो क्रंप नावाचा तो लालतोंड्या, ज्याच्या बहिणीला मी पाढे शिकवले, त्याने डीकनच्या पोटात संगीन खुपसली आणि त्याला तसाच उचलून कुंपणावर फेकला. कुत्रा लगेच मेला नाही. मी कुऱ्हाड आणली, डाव्या हाताने. दोन घाव लागले. एका घावात संपवायला उजवा हात लागतो, तो तू घेतला आहेस.

मग त्यांनी घर उलटे केले. गादी फाडली. माझी जपमाळ तोडली. क्रंपने मला केसांना धरून भिंतीशी नेले आणि डोके दोनदा आपटले.

"म्हातारे, नक्कल कुठंय?"

"कसली नक्कल?"

"साहेब म्हणाले, तू कागदाची नक्कल केल्याशिवाय राहायची नाहीस."

"तुझे साहेब मला ओळखतात," मी म्हटले. "मग स्वतः का नाही आले?"

त्यावर तिसऱ्यांदा आपटले. शाळेची जुनी पेटी होती, तीही त्यांनी ओतली. त्यातल्या एकाने दोन-तीन वह्या उलटसुलट केल्या आणि म्हणाला, "पोरींच्या वह्या आहेत रे. सोड." त्यांच्यावरून बूट घालून ते गेले. काही सापडले नाही असे त्यांनी तुला सांगितले असेल. खरे सांगितले. त्यांना काही सापडले नाही.

शुक्रवारी मी तुरुंगात गेले. जेलर आत सोडत नव्हता. "बाई, तुमच्या डोक्याला काय झालं?" त्याने विचारले. "उत्तर आलं," मी म्हटले. त्याने दार उघडले.

टेंपी भिंतीकडे तोंड करून निजली होती. सुजलेला गाल मला दाखवायचा नव्हता तिला. केझिया बसली होती, पायात साखळी. मी अठरा वर्षे ज्याची तयारी केली ते बोलायला लागले, उभ्यानेच. मी म्हटले, केझिया, अंगुस्तान चोरीला गेले नव्हते. ते माझ्याच शिवणाच्या पिशवीत होते, अस्तर फाटले होते, त्यात आत गेले होते.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?" मी विचारले.

"ॲमोसला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ती पिशवी माझ्याकडं टाकलीत, अस्तर शिवायला. हाताला लागलं. काढलं नाही. तसंच आत ठेवून अस्तर शिवलं. अजून तिथंच असेल, बघा."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कुणाला? जजला?" ती हसली, लिअँडर. "का तुम्हाला? तुम्हाला तर ठाऊकच होतं. नाहीतर तीस वर्षांत एक टाका कुणाला घालू न देणारी बाई पिशवी माझ्या अंगावर कशाला टाकेल?"

मी गुडघे टेकायला लागले. तिने पाय मागे घेतला, साखळी वाजली.

"माफी मागायला आलात, का कागद द्यायला आलात?"

"माफी..."

"ती ठेवा तुमच्यापाशी. कागद आणा. माझी पोरगी नॅचेझला गेली तर तुमची माफी मी काय, उशाला घेऊ?"

टेंपी भिंतीकडूनच म्हणाली, "आई, तिला जाऊ दे. तिच्या डोक्यातून रक्त येतंय."

घरी येऊन मी अस्तर उसवले. अंगुस्तान काळे पडले होते. होते मात्र.

आता राहिलेले सांगते, कारण खोडून खोडून लिहायचा मला कंटाळा आला आहे. अंगुस्तान हरवले असे मी शनिवारी सकाळी म्हटले. ॲमोस माझ्या खोलीत सरपण ठेवायला आला होता असेही मीच म्हटले. संध्याकाळी खिडकीत शिवताना दोरा शोधायला पिशवीत हात घातला, आणि अस्तराच्या आत बोटाला लागले. तेव्हा तिसावा फटका पडला होता. मी खिडकी उघडून ओरडायला हवे होते. तीस पावलांवर कोठी होती. मी जपमाळ हातात घेतली आणि एक पूर्ण दशक म्हटले, दहा नमो मारिया, एकही न गाळता. मी बोलले तर जजसाहेबांपुढे, पिकेटपुढे, नोकरांपुढे माझी चूक उघडी पडेल, एवढेच माझ्या मनात होते. चुकीची लाज. कॉन्व्हेंटमध्ये चुकलो की गळ्यात पाटी अडकवून उभे करत. मी चाळीस वर्षांची बाई त्या पाटीला भ्याले. दशक संपले तेव्हा एकसष्ट झाले होते. पुढे मोजणे का सोडले, ते तुला आता कळेल.

पहाटे तो मेला तेव्हा मी तुझ्या वडिलांकडे गेले आणि सांगितले. ते दाढी करत होते.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही. तुम्ही त्या बाईसाठी काही केलं नाहीत, तर आजच्या रविवारच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांना सांगेन. माझंही आणि तुमचंही."

त्यांनी वस्तरा पुसला. म्हणाले, "ऑनोरा, तुझंही तोंड बंद राहील आणि माझंही, असा कागद लिहितो." आणि बसून लिहिला, त्या अक्षरात, ज्याचे साऱ्या राज्यात कौतुक होते. दया नव्हती ती. तो सौदा होता, आणि दुसरी सही माझी आहे.

त्या सौद्यातली माझी बाजू मी आजपासून मोडते आहे. तुझ्या वडिलांची तू मोडलीसच.

ऑनोरा मॅटिंगली


बुधवार, ७ एप्रिल १८४७

लिअँडर,

ईस्टर झाला. तुझे तिसरे उत्तर नाही. लव्हिनिया मात्र सोमवारी सकाळी आली, आणि ती परत गेली नाही हे तुला कळलेच असेल. ती क्लर्क होबार्टच्या घरी आहे. तिथे गस्तवाले पाठवायचे असतील तर खुशाल पाठव. क्लर्कची बायको माझी विद्यार्थिनी आहे, आणि तिच्या नवऱ्याच्या दाराशी दोन शिपाई आणि एक भरलेली बंदूक आहे.

लव्हिनियाने हातमोजे काढले नाहीत. मी काढायला लावले. मनगटावर तुझी पाच बोटे आहेत, निळी. "वही कुठंय म्हणून विचारत होते," ती म्हणाली. तेव्हा तुला संशय आला होता तर. उशिरा आला. वही तिने पिठाच्या पिंपात ठेवली होती.

कुठली वही, ते सांगते.

तुझ्या वडिलांच्या शब्दावर माझा विश्वास नव्हता. मी त्यांच्या नकला करत होते ना. पत्र त्यांच्या खणात, खणाची किल्ली माझ्याकडे. १८२९ च्या जानेवारीत मी ते रोज सकाळी शाळेत नेत असे आणि संध्याकाळी जागेवर ठेवत असे. साऱ्या काउंटीला जजसाहेबांच्या अक्षराचे वेड. बाप लोक म्हणत, आमच्या मुलींना ते वळण शिकवा. मी शिकवले. पत्रावर कागद घालून एकच ओळ उघडी ठेवायची, टाचणीने टेबलाला लावायची. मुलींनी एकेकीने येऊन ती पाहायची, आणि जागेवर जाऊन पानभर तीच ओळ गिरवायची, वीस वेळा. खाली नाव आणि तारीख. दुसऱ्या दिवशी दुसरे पान, दुसरी ओळ. पत्र अकरा ओळींचे होते. अकरा दिवस लागले.

एकाही मुलीने ते सलग वाचले नाही. कित्ता गिरवताना कोणी वाचत नसते. वळण पाहतात, वेलांट्या पाहतात. आणि मुलींच्या वहीत काय लिहिले आहे हे या काउंटीतल्या एकाही पुरुषाने आजवर पाहिलेले नाही. बापांनी सुंदर अक्षर म्हणून वह्या बायबलखाली जपून ठेवल्या आणि कधी उघडल्या नाहीत. क्रंपने तर सहा वह्या बुटाखाली घेतल्या. मी अठरा वर्षे याच एका गोष्टीवर विसंबून होते आणि ती मला एकदाही दगा देऊन गेली नाही.

लव्हिनिया माझ्या टेबलाशी बसली आणि पहिल्या पानापासून एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली. सातव्या पानावर थांबली.

"मावशी, मी हे अकरा दिवस लिहिलं. एकदाही वाचलं नाही."

"तुला वाचायला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही सांगायचं होतं," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून ती बाई माझ्या स्वयंपाकघरात आहे. माझी तीन बाळंतपणं तिनं केली. तुम्ही सांगायचं होतं!"

तिने मला खूप बोल लावले. माझ्या विद्यार्थिनींपैकी माझ्यावर ओरडणारी ती पहिली. मला बरे वाटले.

नकलेला कोर्टात कोण विचारतो, असे तू म्हणशील. क्रमांक ९६ नक्कलवहीत काढून वाच, मूळ तूच पेटीतून मंडळाला पाठवलेस. १८१९ सालच्या खटल्यावर जज ट्रेव्हर्स लिहितात की मूळ कागद विरुद्ध पक्षाने नष्ट केला असेल, तर तो ज्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि त्यावरून नक्कल केली, त्यांची साक्ष ग्राह्य धरावी. तो निकाल अजून कायम आहे. आणि क्रमांक २१४ माझ्या यादीत आहे, यादी फ्रँकफर्टला आहे. मंडळाच्या सचिवाचे पत्र मला काल आले: पेटीत दोनशे तेरानंतर एकदम दोनशे पंधरा कसे?

त्या वर्गात एकोणीस मुली होत्या. पाच मेल्या, तीन मिसूरीत गेल्या. अकरा इथे आहेत. मी प्रत्येकीच्या दारात गेले, डोक्याला फडके आणि हात गळ्यात अडकवून. दोघींच्या नवऱ्यांनी मला पायरीवरून हाकलले. त्या दोघी मागच्या दाराने वह्या घेऊन आल्या. क्रंपची बहीण सगळ्यांत आधी आली. तिने विचारले, "कुत्रा माझ्याच भावानं मारला ना?" मी हो म्हटले. "मग मला सहावी ओळ द्या," ती म्हणाली. "तिच्यात मुलाबाळांचं आहे."

कोर्टाचा सोमवार, १२ एप्रिल, सकाळी दहा. लिलावाला सगळी काउंटी जमेल, निवडणुकीत तुला मते देणारे सगळे. दलाल बोली सुरू करायच्या आधी मी कोर्टाच्या पायरीवर उभी राहीन. अंगुस्तान बोटात असेल, मोडक्या बोटात. आधी माझे सांगेन, तिसाव्या फटक्यापासून एकसष्टाव्यापर्यंत. गळ्यात पाटी अडकवायची असेल तर लोकांनी अडकवावी. मग त्या अकरा जणी वही उघडून एकेक ओळ वाचतील, नाव आणि तारखेसकट.

ओळी तू विसरला असशील, घाईत जाळल्यास. त्या अशा आहेत: मी एनॉक ट्रेव्हर्स, शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने लिहितो, की ॲमोस निर्दोष होता आणि माझ्या हातून मेला, त्याची बायको केझिया, आणि तिच्या पोटी झालेली व पुढे होणारी मुले, माझ्या मृत्यूच्या घटकेपासून मोकळी आहेत, जणू मोकळीच जन्मली, त्यांच्यावर कोणाचा हक्क नाही, कोणाचा हात पडू नये. ही झाली दहावीपर्यंत.

अकरावी लव्हिनिया वाचेल. मी तिला दुसरी घे म्हटले होते, ती ऐकेना. 'माझ्या वारसांपैकी जो याच्या आड येईल, त्याने माझे नाव लावू नये.' मत मागायला तुझ्यापाशी त्या नावाखेरीज दुसरे काय आहे, ते तूच शोध.

हे टाळायचे असेल तर एकच मार्ग. केझिया आणि तिची मुलगी टेंपरन्स मोकळ्या आहेत, जजसाहेबांच्या मृत्यूच्या दिवसापासून होत्या, आणि मूळ पत्र तू १६ मार्च रोजी जाळलेस, असे लेखी उत्तर क्लर्क होबार्टच्या कचेरीत आले पाहिजे. तुझ्या स्वतःच्या हाताचे, तुझ्या सहीचे, दोन साक्षीदारांचे. त्याची एक प्रत मंडळाच्या पेटीत क्रमांक २१४ च्या जागी जाईल. ते आले तरी मी माझे सोमवारी सांगणारच आहे; ते केझियाचे देणे आहे, त्यात तुला सूट नाही. फक्त वह्या मिटलेल्या राहतील.

पर्डी नको. मांडी नको. घोडे नकोत. शनिवार, १० एप्रिल १८४७, दुपारी बारा वाजेपर्यंत. मी आणि लव्हिनिया कचेरीतल्या घड्याळाखाली बसून असू. बारा वाजून एक मिनिटाने आलेला कागद आम्ही उघडणार नाही.

ऑनोरा मॅटिंगली